नवीन छोटी गाडी येतेय म्हणून थांबावं का? साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्यात कोडोलीला राहता. घरात आई-वडील, तुम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. दारात २०११ ची पेट्रोल गाडी आहे, तिच्या पासिंगला येत्या ऑक्टोबरात पंधरा वर्षं होतात. दिवाळीच्या आसपास एका कंपनीची नवी छोटी गाडी येणार म्हणून सगळीकडे बोलबाला आहे. फोटो आलेत, व्हिडिओ आलेत, किंमत मात्र जाहीर झालेली नाही. शोरूमवाले म्हणतात, ११,००० रुपये भरा आणि नंबर लावून ठेवा. तुमचं बजेट सगळं धरून साडेसात लाख. थांबावं, की आज शोरूममध्ये उभ्या आहेत त्यातलीच एखादी काढावी, असं तुम्ही विचारलंय.

गाडीचं नाव तुम्ही दिलंय, मी ते इथे घेत नाही. ती मी चालवलेली नाही, तिच्याखाली शिरून बघितलेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बरं-वाईट बोलण्याचा मला अधिकार नाही. पण नवी गाडी येण्याआधीचे हे दिवस मी बऱ्याचदा बघितलेत. १९९८ मध्ये डिप्लोमा संपवून मी एका शोरूमच्या वर्कशॉपला लागलो. त्याच वर्षी सप्टेंबरात सँट्रो आली आणि डिसेंबरात इंडिका. तोवर छोटी गाडी म्हणजे मारुती ८०० हे समीकरण पक्कं होतं, ते त्या चार महिन्यांत मोडलं. नऊ वर्षं त्या वर्कशॉपमध्ये काढली, २००७ पासून गोडोलीत माझं स्वतःचं गॅरेज आहे. नवी गाडी यायच्या आधी लोक काय विचारतात आणि ती आल्यावर सहा महिन्यांनी काय तक्रार घेऊन येतात, या दोन्हीची मला चांगली ओळख आहे.

तुम्ही विचारलंय की ती गाडी चांगली निघेल का. याचं उत्तर आज कुणापाशीच नाही, व्हिडिओ करणाऱ्यांपाशीही नाही. ज्याचं उत्तर मिळू शकतं असा प्रश्न वेगळा आहे: तुमचं घर किती महिने थांबू शकतं, आणि थांबून हातात नेमकं काय पडणार आहे? पहिला भाग तुमच्या जुन्या गाडीवर अवलंबून आहे, दुसरा नव्या गाडीवर. मी नव्या गाडीपासून सुरू करतो, पण खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत निकाल जुनीच लावणार आहे.

थांबण्यातही फरक असतो. २०२५ चा ऑगस्ट-सप्टेंबर आठवा. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार असं सांगितलं, ३ सप्टेंबरला परिषदेत निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता, तो सरळ १८ टक्क्यांवर आला. कराआधी पाच लाखांची गाडी पूर्वी ६ लाख ४५ हजारांना पडायची, ती ५ लाख ९० हजारांवर आली. पंचावन्न हजारांचा फरक. त्या मधल्या दिवसांत माझी जी जी गिऱ्हाइकं विचारायला आली त्यांना मी सांगितलं, थांबा. कारण तारीख जवळची होती आणि फायदा आकड्यात सांगता येत होता.

नव्या मॉडेलची वाट पाहणं तसं नसतं. इथे तारीख म्हणजे 'दिवाळीच्या आसपास', किंमत म्हणजे कुणीतरी बांधलेला अंदाज, आणि आपला नंबर कधी लागेल ते आणखी पुढचं. या बाबतीत टाटांच्या नॅनो या छोट्या गाडीचा इतिहास मला फार शिकवून गेला. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी दाखवली. पावसात स्कूटरवरून चाललेलं कुटुंब बघून ही कल्पना सुचली असं रतन टाटा सांगायचे, आणि ते ऐकणाऱ्या लाखो लोकांना ते कुटुंब आपलंच वाटलं. पुढे ऑक्टोबर २००८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचा कारखाना सोडून गुजरातमधल्या साणंदला जायचा निर्णय झाला. मार्च २००९ मध्ये गाडी बाजारात आली, एप्रिलमध्ये बुकिंग झालं. दोन लाखांहून जास्त अर्ज आले आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. पहिली गाडी जुलै २००९ मध्ये दिली गेली. साणंदच्या कारखान्याचं उद्घाटन व्हायला जून २०१० उजाडला. नंबर लागलेल्यांनाही गाड्या टप्प्याटप्प्यानेच मिळाल्या.

माझ्या गॅरेजला स्कूटर घेऊन येणारे एक शिक्षक होते. २००८ च्या जानेवारीत त्यांच्याकडे जुनी ८०० घेण्याइतके पैसे जमले होते आणि एक चांगली गाडी मी त्यांना दाखवलीही होती. ती त्यांनी सोडून दिली आणि नॅनोसाठी थांबले. त्यांना गाडी २०१० मध्ये मिळाली. गाडीवर त्यांचं मनापासून प्रेम होतं, पुढे कितीतरी वर्षं तिची सर्व्हिसिंग मीच केली, त्यांची तिच्याबद्दल एकही मोठी तक्रार नव्हती. पण २००८ आणि २००९ चे दोन्ही पावसाळे त्यांची मुलं रेनकोट घालून स्कूटरवर शाळेत गेली. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. त्या गाडीची किंमत विचारली तर मी त्यात ते दोन पावसाळेही धरतो.

आता पहिल्या लॉटबद्दल. हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनी गाडी बाजारात आणण्याआधी लाखो किलोमीटर चालवून बघते, यात शंका नाही. तरीही ती गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर काही गोष्टी नव्याने कळतात. कुणी ती शेताच्या बांधावरून नेतं, कुणी सहा महिने धुळीत उभी करतं, कुणी पाच माणसं आणि तांदळाचं पोतं घालून घाट चढवतं. एका नव्या मॉडेलच्या पहिल्या लॉटमधली गाडी माझ्याकडे जूनमध्येच आली होती, मागच्या दाराच्या रबरातून पाणी आत येऊन गालिचा भिजला होता. रबराचा आकार कंपनीने नंतर बदलला आणि पुढच्या लॉटमध्ये तो प्रकार राहिला नाही. दुसऱ्या एका गाडीत एएमटी, म्हणजे क्लच न दाबता आपोआप बदलणारा गिअरबॉक्स, गिअर बदलताना धक्का द्यायचा. पाचव्या महिन्यात कंपनीने नवीन सॉफ्टवेअर पाठवलं, वर्कशॉपमध्ये तासाभरात फुकट घालून दिलं आणि धक्का गेला. असे बदल कंपन्या सतत करत असतात, कधी बुश बदलतात, कधी वायरिंगचा मार्ग बदलतात, आणि त्याची जाहिरात होत नाही. ज्याने आठव्या महिन्यात गाडी घेतली त्याला हे सगळं आयतं मिळतं.

इंडिकाचंच बघा. १९९८ अखेर आलेल्या गाडीसाठी एक लाखाच्या वर बुकिंग झालं होतं. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, कंपनीने त्यावर काम केलं आणि २००१ मध्ये व्ही-टू आणली. पुढची कित्येक वर्षं टॅक्सीवाल्यांनी भरवशाने चालवली ती ही दुसरी गाडी. लोक दोन्हींना इंडिकाच म्हणायचे, पण काम करणाऱ्याच्या हाताला त्या दोन वेगळ्या गाड्या होत्या.

दुसरी अडचण स्पेअर पार्टची. नव्या गाडीचं तेल, फिल्टर, ब्रेक पॅड पहिल्या दिवसापासून मिळतात. फेंडर, हेडलाइट, बंपरच्या आतलं ब्रॅकेट हे पार्ट गावोगावी पोचायला वेळ लागतो, कारण सुरुवातीला बनलेला प्रत्येक पार्ट नवीन गाडीवरच चढत असतो. कोरेगावच्या एका गिऱ्हाइकाने नवीन मॉडेल पहिल्याच महिन्यात घेतलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कोपरा लागून हेडलाइट आणि फेंडर गेलं. पार्ट साताऱ्यात नव्हता, पुण्यातही नव्हता. गाडी ४३ दिवस शोरूमच्या शेडमध्ये उभी राहिली आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला गेला. इन्शुरन्स होता, पैसे मिळाले, पण घरात आजारी माणूस होता आणि त्या दिवसांत त्यांना भाड्याच्या गाड्या कराव्या लागल्या.

हे सगळं सगळ्याच नव्या गाड्यांना सारखं लागू नाही, आणि इथे तुम्हाला थोडी चौकशी करावी लागेल. 'नवीन गाडी' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक, जुन्याच गाडीला नवं तोंड आणि नवा डॅशबोर्ड. दोन, नवी बॉडी, पण इंजिन आणि गिअरबॉक्स कंपनीच्या दुसऱ्या गाडीत आधीपासून चालणारे. तीन, सगळंच नवीन. पहिल्या प्रकारात धोका जवळपास नाही. दुसऱ्यात थोडा आहे, तोही बहुतेक बॉडी, रबर आणि इलेक्ट्रिकपुरता. तिसऱ्या प्रकारची गाडी असेल तर मी स्वतः किमान सहा ते आठ महिने थांबतो आणि घरच्यांनाही तेच सांगतो. शोरूममध्ये विचारा की हे इंजिन आणि हा गिअरबॉक्स आणखी कुठल्या गाडीत आहे. सेल्समनला सांगता आलं नाही तर वर्कशॉपमधल्या सर्व्हिस अॅडव्हायझरला विचारा, त्याला माहीत असतं.

कंपनी किती मुरलेली आहे हेही बघा. शेवरोलेच्या गाड्या २०१७ अखेर आपल्याकडे विकायच्या बंद झाल्या, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. या गाड्या चालवणारे लोक आजही माझ्याकडे येतात, गाड्या चांगल्या आहेत, पण पुन्हा विकायला काढल्या की भाव पडतो. ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर साताऱ्यात किंवा कराडला आहे आणि पंधरा-वीस वर्षं टिकलंय, तिच्या नव्या मॉडेलवर मी जास्त विश्वास ठेवीन.

आता साताऱ्याच्या रस्त्यांचा विचार, जो पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत नसतो. छोट्या गाडीचं स्वतःचं वजन साधारण आठशे ते साडेनऊशे किलो. तुमच्या घरची चार मोठी माणसं, एक मूल आणि बॅगा धरल्या तर तीनशे किलोंच्या आसपास जातं. म्हणजे गाडीच्या वजनात एक तृतीयांश भर. मोठ्या एसयूव्हीला हे तीनशे किलो जाणवत नाहीत, एक लिटरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला जाणवतात. त्यात आपण वर चढणार. टर्बो नसलेलं इंजिन हजार मीटर उंचीला साधारण दहा टक्के ताकद गमावतं, कारण हवा विरळ होते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे मेढ्यावरून केळघर घाट चढून तुम्ही वर पोचता तेव्हा जाहिरातीतली सगळी ताकद तुमच्याजवळ नसते, आणि एसी चालू असेल तर आणखी थोडी कमी.

म्हणून माझा एक आग्रह आहे. जी गाडी घ्यायची तिची टेस्ट ड्राइव्ह हायवेच्या सर्व्हिस रोडवर घेऊ नका. घरची सगळी माणसं बसवा, एसी चालू करा आणि यवतेश्वरचा घाट चढा. शोरूमवाले सुरुवातीला नको म्हणतात, आदल्या दिवशी सांगून ठेवलं आणि नीट विनंती केली की बहुतेक जण देतात. मध्ये कुठे रुंद जागा बघून, मागे कुणी नाही याची खात्री करून, चढावर गाडी पूर्ण थांबवा आणि पुन्हा उचला. मॅन्युअल असेल तर हाफ क्लचवर किती वेळ धरावी लागते बघा. क्लच जळाल्याचा वास आला तर ती गाडी तुमच्या कुटुंबाला लहान पडते. एएमटी असेल तर ब्रेक सोडून एक्सलरेटर देईपर्यंत ती मागे किती सरकते ते बघा, आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) तुम्ही घेणार त्याच व्हेरियंटमध्ये आहे का ते विचारा. वळणावर तिसऱ्या गिअरमधून दुसरा टाकताना ती ओढ घेते की नुसती आवाज करते, हे तुम्हाला दोन किलोमीटरांत कळेल. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा आणि इंजिन गाडीला कितपत धरून ठेवतं ते बघा. सगळे बसलेले असताना रस्त्यावरचे गतिरोधक पोटाला लागतात का, तेही याच फेरीत समजतं. माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुतेक रिकाम्या गाडीचा असतो.

ही फेरी मारल्याशिवाय मी कुणालाही गाडीला हो म्हणू देत नाही. आणि अजून न आलेल्या गाडीची ही फेरी मारताच येत नाही. आज पैसे भरून नंबर लावायला माझा जो काही विरोध आहे तो एवढ्यासाठीच.

सीएनजीबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणं असेल तर जरूर घ्या. तुमचं रोजचं फिरणं कोडोली ते एमआयडीसी आणि शाळा एवढंच आहे. सीएनजीवर ओढ थोडी कमी होते आणि डिकीतली जागा जाते. ज्या गाड्यांत एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे खाली बसवलेत त्यांत जागा बरी उरते. तुमच्या वापराला पेट्रोल पुरेसं आहे.

थांबण्याचं एक कारण मला पूर्णपणे पटतं, ते म्हणजे सुरक्षितता. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालंय. गाडी धडकवून बघतात आणि मोठ्या माणसांसाठी व लहान मुलांसाठी वेगवेगळे तारे देतात. तुमच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे मुलांचे तारे वेगळे बघा. चाचणी झालेल्या व्हेरियंटमध्ये किती एअरबॅग होत्या आणि तुम्ही घेणार त्यात किती आहेत, हेही जुळवून बघा. नवी गाडी आली की तिचा हा निकाल यायला वेळ लागू शकतो. निकालासाठी चार महिने थांबणं मला वाया गेलेलं वाटत नाही. आणि गाडी कुठलीही घ्या, मुलीसाठी आयसोफिक्सला (मागच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांना) लागणारी चाइल्ड सीट बजेटमध्ये आधीच धरा. आईच्या मांडीवर बसवलेलं मूल धक्क्याच्या वेळी आईला धरून ठेवता येत नाही, हे मी अपघाताच्या गाड्या उघडताना बघितलंय. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

पैशाचं गणित एकदा कागदावर मांडा. 'गाडी पाच लाखांपासून' अशी बातमी आली की ती बेस मॉडेलची एक्स-शोरूम किंमत असते. तुम्हाला मागचा वायपर, सहा एअरबॅग आणि उंची बदलणारी सीट हवी असेल तर तो व्हेरियंट लाख-दीड लाखाने वर असतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे. त्यावर इन्शुरन्स आणि बाकीचे किरकोळ खर्च. तुमचं साडेसात लाखांचं बजेट म्हणजे एक्स-शोरूम साधारण सहा लाख चाळीस हजारांच्या आतली गाडी. त्या आकड्यात नव्या गाडीचा कुठला व्हेरियंट बसतो हे किंमत जाहीर झाल्यावरच कळेल. सुरुवातीची किंमत कधीकधी ठरावीक दिवसांपुरती किंवा पहिल्या काही गिऱ्हाइकांपुरती ठेवतात, ती नंतर दहा-पंधरा हजारांनी वाढते. त्या वाढीच्या भीतीने घाई करू नका, सहा महिन्यांनी मिळणारी सुधारलेली गाडी त्याहून जास्त मोलाची असते.

आता तुमच्या जुन्या गाडीकडे येतो. पंधरा वर्षं झाली की आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी गाडी आरटीओत दाखवून तपासून घ्यावी लागते. कारसाठी २०२२ पासून ५,००० रुपये फी आहे, शिवाय पर्यावरण कर. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. नूतनीकरण झालं की पुढे पाच वर्षं. आरसी संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, अपघात झाला तर इन्शुरन्सचा वाद होतो, आणि एक्सचेंजला नेली तरी समोरचा भाव पाडूनच बोलतो. म्हणजे ऑक्टोबर ही तुमची खरी तारीख आहे. दिवाळी ऑक्टोबरनंतर आहे, आणि नवी गाडी तुमच्या दारात यायला त्याहून उशीर होणार. 'दिवाळीपर्यंत जुनी चालवू, मग बघू' हा हिशेब तुमच्या बाबतीत बसत नाही.

म्हणून जुनी गाडी आत्ताच एकदा जॅकवर घेऊन खालून बघून घ्या. मी काय बघतो ते सांगतो. दोन्ही बाजूंच्या दाराखालचा पत्रा आणि मागच्या सस्पेन्शनच्या जागा, तिथे गंज आत गेलाय का. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की आवाजावरून कळतं. क्लच किती वर उचलतो. थंड इंजिन सुरू करताना मागे निळा धूर येतो का. हँडब्रेक चढावर धरतो का. टायरवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांच्या पुढचे टायर नक्षी शिल्लक असली तरी पावसात धरत नाहीत.

यातून दोन शक्यता निघतात. पत्रा शाबूत आहे, इंजिन निरोगी आहे, फक्त टायर आणि ब्रेकचं काम आहे, तर तीस हजारांच्या आत गाडी पासिंगला तयार होते. मग ती पासिंग करून घ्या आणि गुढीपाडव्यापर्यंत निवांत थांबा. तोवर नव्या गाडीची किंमत कळलेली असेल, बहुधा तारेही आलेले असतील, पहिल्या लॉटच्या तक्रारी उघड झालेल्या असतील आणि तुम्ही तिला यवतेश्वरला नेऊ शकाल. आवडली नाही तर बाकीच्या गाड्या कुठेही पळून जात नाहीत. दुसरी शक्यता, पत्रा आतून गेलाय किंवा इंजिनाचं काम निघालंय. मग या गाडीवर साठ-सत्तर हजार घालून नव्याची वाट बघणं मी कुणालाच सुचवणार नाही. आज रस्त्यावर तीन-चार वर्षं चालणाऱ्या, ओळखीच्या इंजिनाच्या गाड्यांपैकी घाट चढणारी एक निवडा आणि सप्टेंबरच्या आत काढा. तुमच्या आई-वडिलांना दर महिन्याला दवाखान्यात न्यावं लागतं असं तुम्ही लिहिलंय. अशा घरात दारात चालणारी गाडी नाही असे दोन महिने परवडत नाहीत.

बुकिंग करायचंच असेल तर ११,००० अडकवायला माझी हरकत नाही, पण काही गोष्टी लिहून घ्या. पैसे परत मिळतात का, किती दिवसांत, काही कापून घेतात का. पावती शोरूमच्या नावाची हवी, सेल्समनच्या खात्यावर पैसे टाकू नका. डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू होते अशी अट बहुतेक पावत्यांवर असते, ती वाचा. लवकर नंबर हवा असेल तर तीस हजारांच्या अॅक्सेसरीज घ्या, इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या, असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. इन्शुरन्स कुठून घ्यायचा हा तुमचा हक्क आहे, बाहेरून एक कोटेशन आणून समोर ठेवलं की आतला आकडाही खाली येतो. आणि जुन्या गाडीचा सौदा नव्या गाडीच्या बुकिंगशी आज बांधू नका. आज ठरलेला एक्सचेंजचा भाव सहा महिन्यांनी कुणी पाळत नाही.

मुहूर्ताबद्दल एक अनुभव. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूममधून एकामागून एक गाड्या बाहेर पडतात. तपासणीला वेळ मिळत नाही, हे मी वर्कशॉपमध्ये असताना स्वतः करून बघितलंय. पहाटेपासून गाड्या धुतोय, कागद शोधतोय आणि बाहेर माणसं पेढे घेऊन उभी. मुहूर्त पाळा, त्यात आनंद असतो, पण गाडी तीन-चार दिवस आधी दिवसाच्या उजेडात जाऊन बघून या. सगळ्या काचा खाली-वर करा, एसी दहा मिनिटं चालवा, बॉनेट आणि दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा, स्टेपनी आणि जॅक आहे का बघा. फॉर्म २१ वर, म्हणजे शोरूमच्या विक्रीच्या दाखल्यावर, गाडी कुठल्या महिन्यात बनली ते लिहिलेलं असतं, ते चासी नंबरसोबत तपासा. वर्ष बदलताना गाडी घेत असाल तर हे विसरू नका, डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली तरी विकताना आदल्या वर्षाचीच धरतात. तो फरक सवलतीत भरून मिळत असेल तर खुशाल घ्या, माझी स्वतःची गाडी तशीच घेतलेली आहे.

तुमच्या आईंच्या गुडघ्यांचं राहिलं. कुठल्याही गाडीचा निर्णय घ्यायच्या आधी त्यांना शोरूममध्ये घेऊन जा आणि मागच्या सीटवर दोनदा बसवून उठवा. सीट खूप खाली असेल तर उठताना गुडघ्यांवर जोर येतो, खूप वर असेल तर पाय चढवताना. मांडीच्या उंचीला येणारी सीट आणि पुरेसं उघडणारं दार हवं. दार अर्धं उघडूनही बसवून बघा, कारण कोडोलीत गल्लीत गाडी लावल्यावर ते पूर्ण उघडायला जागा असेलच असं नाही. पुढची गाडी फोटोत कितीही देखणी असली तरी ही गोष्ट फोटोत दिसत नाही.

जुनी गाडी या आठवड्यात कुणाकडेही दाखवा, तुमचा नेहमीचा मेकॅनिक असेल तर उत्तमच. पत्रा, क्लच, धूर, ब्रेक, टायर यांची स्थिती एका कागदावर लिहून घ्या आणि इथे टाका. त्यावरून पासिंगला किती खर्च येईल याचा आकडा मी सांगतो.